पाच वायरी, सहा पिना

एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा लॅम्डा सेन्सर बॉशने 1976 साली व्होल्वोच्या गाड्यांत आणला. तो मिश्रण आदर्श प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगायचा. किती, हे नाही. इंजिन ट्यून करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं आणि ते वाइडबँड सेन्सर सांगतो. त्याची युक्ती देखणी आहे. झिर्कोनियाच्या दोन पेशी आणि त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फट. एक पेशी फटीतल्या वायूवर नजर ठेवते, दुसरी तिथला ऑक्सिजन पंप करते. पहिलीचं व्होल्टेज 450 मिलिव्होल्टवर टिकेल इतका करंट कंट्रोलर दुसरीला देत राहतो, आणि तो करंट हेच माप. मिश्रण लीन (इंधन कमी) असेल तर ऑक्सिजन बाहेर ओढला जातो, रिच (इंधन जास्त) असेल तर आत ढकलला जातो. आदर्श प्रमाणावर करंट शून्य. हे शून्य कुणी जुळवून बसवलेलं नाही, ते रसायनातूनच येतं. म्हणून सेन्सर जुना झाला तरी ते सहसा ढळत नाही. ढळतो तो शून्याच्या दोन्ही बाजूंचा करंटचा चढ, कारण तो फटीच्या मापावर ठरतो आणि दोन सेन्सरांच्या फटी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. कारखान्यात हा फरक मोजून कनेक्टरमधला एक बारीक रेझिस्टर लेझरने त्या सेन्सरपुरता जुळवतात. बॉशच्या एलएसयू 4.9 मधून वायरी पाच निघतात, कनेक्टरला पिना मात्र सहा असतात, त्या या रेझिस्टरमुळे. वायर आखूड करायची म्हणून कनेक्टर कापून टाकणारा मेकॅनिक सेन्सरची जन्मपत्रिकाच कचऱ्यात टाकत असतो.

मग कारखान्याने जुळवून दिलेला सेन्सर काढून, मोकळ्या हवेत टांगून पुन्हा कॅलिब्रेट कशाला करायचा? नव्या सेन्सरपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. काही कंट्रोलर केवळ रेझिस्टरवर विसंबतात आणि चोख चालतात. पण ऑइलची राख, सीलंटमधलं सिलिकॉन, रेसिंगच्या इंधनातलं शिसं यांनी फटीची वाट हळूहळू बुजत जाते आणि तितक्याच ऑक्सिजनला करंट कमी पडू लागतो. रेझिस्टरला याचा पत्ता नसतो. स्वच्छ हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो हे माहीत असल्याने कंट्रोलर पडलेला चढ सावरून घेऊ शकतो. मात्र यातून सिद्ध होते ती फक्त लीन बाजू. फुल थ्रॉटलला इंजिन चालतं रिच बाजूला, आणि तिथे फटीतून ऑक्सिजनऐवजी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन शिरतात. हायड्रोजन तर फार वेगाने. त्या बाजूबद्दल मोकळी हवा साक्ष देऊ शकत नाही. फट तीच आहे म्हणून आपण ती बाजूही बरोबर धरून चालतो. ही धारणा बहुधा खरी ठरते, पण ती तपासणी नव्हे.

दुसरा आक्षेप हवेचाच. कोकणातल्या पावसाळ्यात 30 अंशांच्या ओल्याचिंब हवेत वाफेमुळे ऑक्सिजन जेमतेम 20 टक्के उरतो. कंट्रोलर त्याला 20.9 समजतो आणि चढ चारेक टक्क्यांनी फुगवतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण शून्य जागेवर असल्याने 0.85 लॅम्डाला, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या 0.85 पटीला, ढोबळ हिशेबाने फरक 0.01 च्याही आत राहतो. खरी खोट सेन्सरच्या बाहेर निघते. बऱ्याच गेजमध्ये शून्य ते पाच व्होल्टच्या आउटपुटवर 10 ते 20 हवा-इंधन प्रमाण दाखवतात. म्हणजे गेज आणि इंजिनचा संगणक (ईसीयू) यांच्या अर्थिंगमध्ये दशांश व्होल्टचा फरक पडला तरी आकडा 0.2 ने सरकतो, अख्ख्या पावसाळ्याच्या चुकीहून जास्त. गेज 12.6 दाखवतंय आणि लॉगमध्ये 12.8 दिसतंय, अशा वेळी लोक बिचाऱ्या सेन्सरला दोष देतात. आता त्यात ई20 पेट्रोलची भर. इथेनॉल मिसळल्यावर आदर्श प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास उतरतं, पण गेज मोजतं लॅम्डा आणि त्याला निमूटपणे 14.7 ने गुणून दाखवतं. पडद्यावर 14.7 दिसलं तर मिश्रण बरोबरच असतं, प्रमाणाचा आकडा तेवढा खोटा. म्हणून गेज लॅम्डावर ठेवणं शहाणपणाचं. एक्झॉस्टच्या जोडात गळती असली किंवा मिसफायर होत असला तर मात्र लॅम्डाही फसतो: न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो, तो मिश्रण लीन सांगतो, आणि ट्यूनर आधीच रिच असलेल्या इंजिनात आणखी पेट्रोल ओततो. रिच बाजू खरोखर पडताळायची तर मिश्रण ठाऊक असलेल्या गॅसचं सिलिंडर लागतं, ते गॅरेजात कुठून येणार? त्यापेक्षा कपाटात एक कोरा सेन्सर राखून ठेवायचा आणि जुन्याच्या जागी लावून दोघांचे आकडे ताडून बघायचे.