बाकीचे प्रोसेसर कुठे थांबतात?

मोठा सर्व्हर रीस्टार्ट करायचा म्हणजे ताटकळणं आलं. फर्मवेअर मेमरी तपासतं, कार्डं आणि डिस्क ओळखतं, आणि त्यातच कित्येक मिनिटं जातात. लिनक्समधली ‘केएक्झेक’ ही सोय हा टप्पाच वगळते. चालू कर्नल नवा कर्नल मेमरीत आणून ठेवतो आणि थेट त्याच्यात उडी घेतो. एरिक बीडरमन यांचं हे काम २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ मध्ये दाखल झालं.

उडी एकच प्रोसेसर घेतो. मला मात्र या यंत्रणेचं खरं कसब उरलेल्यांच्या बंदोबस्तात दिसतं. सर्व्हरमध्ये असे डझनावारी प्रोसेसर असतात. त्यांना अशा जागी थांबवायचं की ते काही बिघडवणार नाहीत आणि नव्या कर्नलची हाक आली की उठतील.

इंटेलच्या घराण्यात ही हाक ठरलेली आहे. पहिला प्रोसेसर दुसऱ्याला आधी ‘इनिट’ संदेश पाठवतो, मग ‘सायपी’. सायपीत पत्त्याचा केवळ आठ बिटांचा तुकडा असतो, म्हणून सुरुवातीचा कोड मेमरीच्या पहिल्या एक मेगाबाइटमध्येच असावा लागतो. जागा झालेला प्रोसेसर १९७८ च्या ८०८६ सारखा १६ बिटांत चालू लागतो आणि तिथून पायरीपायरीने ६४ बिटांत येतो.

उठवण्यापेक्षा निजवणं अवघड. बंद केलेला प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी अनेकदा ‘एमवेट’ या सूचनेवर विसावतो आणि मेमरीतल्या एका ओळीवर नजर ठेवतो. तिथे कुणी काही लिहिलं की तो जागा होतो. केएक्झेकमध्ये नेमकी तीच मेमरी नव्या मजकुराने भरली जाऊ शकते. वाडा पाडायला घ्यावा आणि आत माणूस झोपलेला असावा, तसं हे. जाग आलेल्या प्रोसेसरच्या पायाखालचा कोड, स्टॅक, पेज टेबलं सगळं बदललेलं असतं, आणि मशीन अकारण कोसळल्यासारखं दिसतं. २०२३ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर यांनी याचा बंदोबस्त केला. उडीआधी अशा प्रोसेसरांना एमवेटमधून काढून ‘हॉल्ट’मध्ये नेलं जातं. पण हॉल्टही एनएमआयसारख्या इंटरप्टने मोडतो, म्हणून शक्य तिथे त्यांना इनिट पाठवून ठेवायचा बदलही त्यांनी केला होता, पण तो २०२३ मध्येच मागे घेतला गेला. त्या अवस्थेत प्रोसेसर सायपीचीच वाट बघतो, एनएमआयला दाद देत नाही. मला तरीही इनिटचा हा उपाय सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण थांबलेला प्रोसेसर मग मेमरीतल्या कुठल्याच कोडवर अवलंबून राहत नाही.

एआरएमच्या ६४ बिटी यंत्रांवर हे काम ‘पीएससीआय’ करतं. कर्नलने सांगितलं की फर्मवेअर प्रोसेसर बंद करतं आणि मागितल्यावर पुन्हा सुरू करतं. जुन्या ‘स्पिन टेबल’ पद्धतीत मात्र प्रोसेसर एका पत्त्याकडे बघत घिरट्या घालतो, आणि एकदा कर्नलमध्ये आला की परत जायला त्याला वाट नसते. अशा यंत्रावर लिनक्स केएक्झेकला नकारच देतो. नकार देणं इथे बरोबरच आहे.

खरी कसोटी लागते ती कर्नल कोसळल्यावर. ‘केडम्प’ राखून ठेवलेल्या मेमरीतला दुसरा कर्नल उठवतो आणि मेलेल्याची मेमरी जतन करतो. विवेक गोयल, बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी २००५ मध्ये ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध मांडला. इथे शिस्तीने निरोप द्यायला वेळ नसतो. एनएमआय पाठवून बाकीच्यांना जागीच थांबवतात आणि जास्तीत जास्त सेकंदभर त्यांची वाट बघतात. कोसळलेला प्रोसेसर मूळचा पहिला नसेल तर आणखी एक अडचण येते. नव्या कर्नलने त्या पहिल्याला इनिट पाठवला, तर तो सायपीची वाट न बघता थेट फर्मवेअरच्या आरंभाला जातो आणि मशीन रीसेट होतं किंवा गोठतं. म्हणून वर्षानुवर्षं डम्प एकाच प्रोसेसरवर काढायची रीत पडली. टेराबाइटभर मेमरी आकुंचित करून लिहायची तर ते काम रेंगाळतं. २०१४ मध्ये एक बूट पर्याय आला. मूळ प्रोसेसरचा क्रमांक देऊन ठेवायचा. मग नवा कर्नल त्या एकाला हात लावत नाही आणि बाकीचे डम्प लिहायला कामाला लागतात.