सरकारी नोंद म्हणजे हमी नव्हे

‘सरकारदरबारीं नोंदलेला रोखा’ असे शब्द कानीं पडले कीं सामान्य गृहस्थाचा जीव भांड्यांत पडतो. सरकारनें पारख केलीच असेल, मग आपण शंका कशाला घ्यावी, असें त्याला वाटतें. अमेरिकेच्या कायद्यांत या समजुतीला आधार नाहीं. इतकेंच नव्हे, तर गिऱ्हाइकाची अशी समजूत जाणूनबुजून करून देणें हा तेथें गुन्हा आहे. आज अनेक मराठी कुटुंबांतील मुलगे-मुली तिकडे नोकरीस आहेत व त्यांची शिल्लक तेथील बाजारांत गुंतलेली असते. तेव्हां तेथील कांहीं कायदेशीर शब्दांचा खरा अर्थ ध्यानांत घेणें अगत्याचें आहे.

पहिला शब्द ‘नोंदणी’. १९११ सालीं कॅन्सस संस्थानानें केलेल्या कायद्यांत रोखा विक्रीस योग्य आहे कीं नाहीं, हें सरकारी अधिकाऱ्यानें ठरवावयाचें होतें. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि असंख्य कुटुंबांची पुंजी बुडाली. त्यानंतर १९३३ सालीं मध्यवर्ती सरकारनें जो कायदा केला, त्यानें निराळी वाट धरली. जनतेला रोखे विकणाऱ्या कंपनीनें आपला धंदा कोणता, देणें किती, नफातोटा काय, चालक कोण आणि धोका कोठें, हें सर्व माहितीपत्रकांत उघड करावें. खोटें सांगितल्यास वा महत्त्वाची गोष्ट लपविल्यास त्याची जबाबदारी सोसावी. खरेदीचा निर्णय मात्र गिऱ्हाइकानें आपल्या अकलेनें करावा, असें त्याचें धोरण. १९३४ सालीं स्थापन झालेलें ‘सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन’ ही नोंदणी पाहतें. आणि कमिशननें हे रोखे पसंत वा नापसंत केलेले नाहींत, अशा अर्थाची सूचना माहितीपत्रकावर छापावीच लागते. वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो. पण त्या वजनांनीं तोललेला तांदूळ चांगला कीं किडका, हें गिऱ्हाइकालाच पाहावें लागतें.

दुसरा शब्द ‘रोखा’. त्याचा अर्थ शेअर व कर्जरोखे एवढ्यापुरता नाहीं. फ्लॉरिडांतील हॉवी कंपनी संत्र्यांच्या बागांचे तुकडे विकी व त्यांची मशागत, तोडणी आणि विक्री आपल्याच हातांतील दुसऱ्या कंपनीकडून करून देण्याचा करार पुढें करी. घेणारे बहुतेक दूरगांवचे, शेतीची माहिती नसलेले. ही जमिनीची साधी विक्री आहे, असें कंपनीचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९४६ सालीं तें अमान्य केलें. सामाईक उद्योगांत पैसा घालावा आणि दुसऱ्यांच्याच श्रमांतून नफ्याची अपेक्षा धरावी, असा व्यवहार म्हणजे रोखाच, मग त्याचें नांव कांहींही असो, असा निकाल झाला. आजहि नवनव्या योजनांना हीच कसोटी लावतात.

तिसरा शब्द ‘ठेव’. १९३३ च्या बँकिंग कायद्यानें ठेवींचा विमा उतरविणारें सरकारी महामंडळ निघालें. १९३४ च्या आरंभीं विम्याची मर्यादा २,५०० डॉलर होती. ती आतां एका ठेवीदारास एका बँकेंत, मालकीच्या प्रत्येक प्रकारागणिक, २,५०,००० डॉलर आहे. बँक बुडाली तरी एवढी रक्कम सुरक्षित राहते. परंतु त्याच बँकेंत विकत घेतलेला शेअर वा म्युच्युअल फंड ही ठेव नव्हे, आणि त्याला हा विमा नाहीं. एकाच छपराखालीं दोन्हीं मिळतात म्हणून त्यांना एकच समजणारा मनुष्य फसतो.

चौथा शब्द ‘सल्लागार’. १९४० च्या कायद्याखालीं येणारा गुंतवणूक-सल्लागार विश्वस्ताप्रमाणें बांधलेला असतो. गिऱ्हाइकाचें हित आधीं, त्याचें स्वत:चें मागून. पण कर्तव्य लिहिलेलें असणें निराळें आणि तें पाळलें जाणें निराळें. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफनें २००६ सालीं कमिशनकडे सल्लागार म्हणून नोंद केलेली होती. २००८ च्या डिसेंबरांत उघडकीस आलें कीं तो नव्या गिऱ्हाइकांचा पैसा जुन्यांना नफा म्हणून वाटीत होता. गिऱ्हाइकांचा पैसा त्याच्याच पेढीच्या ताब्यांत असे आणि हिशेबाचे कागदहि तीच पेढी धाडी. २००९ सालीं त्याला १५० वर्षांची शिक्षा झाली. कित्येकांचें म्हातारपण मात्र उघड्यावर पडलें.

म्हणून केवळ नोंदणी पाहून थांबूं नये. पैसा कोणाच्या ताब्यांत राहणार, ती ठेव आहे कीं रोखा, आणि नफा नेमका कोणत्या धंद्यांतून येणार, हे तीन प्रश्न विचारावे. आणि त्यांचीं उत्तरें लेखी हातीं येऊन समजेपर्यंत थैलीचें तोंड बंद ठेवावें.