दोन सेंटांचा डाव

मारिया कोन्निकोवा ही न्यू यॉर्कची लेखिका काही वर्षांपूर्वी नदी ओलांडून पलीकडे न्यू जर्सीतल्या होबोकेनला जायची, तिथल्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसायची आणि पोकर खेळायची. पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळायला न्यू जर्सीत परवानगी आहे, न्यू यॉर्कमध्ये नाही. म्हणून हा द्राविडी प्राणायाम. बाई मानसशास्त्रात पीएच.डी., पण खेळायला लागली तेव्हा पत्त्यांच्या कॅटात किती पानं असतात हेही तिला माहीत नव्हतं. गुरू मात्र तालेवार मिळाला. एरिक सायडेल, पोकरच्या ‘हॉल ऑफ फेम’मधला खेळाडू. लहान पैशांत जिंकून दाखवल्याशिवाय वरची पायरी चढायची नाही, असा त्याचा शिरस्ता. जानेवारी २०१८ मध्ये बहामाजमधल्या एका स्पर्धेत कोन्निकोवाने ८४,६०० डॉलरचं पहिलं बक्षीस मारलं.

बातमी होते ती या बक्षिसाची. खालच्या पायरीवर काय शिकावं लागतं, ते फारसं कोणी सांगत नाही.

कोन्निकोवा स्पर्धा खेळायची. नवशिक्यांपैकी पुष्कळजण मात्र ‘कॅश गेम’पासून सुरुवात करतात. इथे समोरचं नाणं म्हणजे खरा पैसा, वाटेल तेव्हा बसा, वाटेल तेव्हा उठा. सगळ्यात स्वस्त टेबलावर दोन खेळाडूंना पत्ते बघण्याआधीच अनुक्रमे एक आणि दोन सेंट टाकावे लागतात. त्यांना ‘ब्लाइंड’ म्हणतात. मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट, म्हणजे दोन डॉलर घेऊन बसायचं, हा रिवाज. प्रत्येकाला दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून टप्प्याटप्प्याने उघडणारे पाच, आणि या सातांतून ज्याचे उत्तम पाच तो जिंकला. आधी तीन पत्ते उघडतात, मग चौथा, मग पाचवा; दर टप्प्याला बोली. तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे समजायला दहा मिनिटं पुरतात.

रुलेटवर कितीही अभ्यास केला तरी शेवटी कॅसिनोच जिंकतो, कारण तिथे गणितच त्याच्या बाजूने मांडलेलं असतं. पोकरमध्ये पैसा येतो तो समोरच्या खेळाडूंकडून. म्हणजे त्यांच्यापेक्षा कमी चुका केल्या तर जिंकता येतं, निदान कागदावर. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी २०१० च्या ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’चे आकडे तपासले. आधीपासून निष्णात म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला होता. बाकीच्यांचे १५ टक्के बुडाले होते. नुसतं नशीब असतं तर एवढी दरी पडली नसती.

मग पहिला धडा कोणता? पॅक करणं. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात आणि एक्क्यांची जोडी येते सरासरी २२१ डावांत एकदा. उरलेल्यांपैकी बहुतेक जोड्या टाकण्याच्याच लायकीच्या. सहा जणांच्या टेबलावर जाणता खेळाडू साधारण चार-पाच डावांतला एक खेळतो. नवखा जवळजवळ अर्ध्यांत घुसतो, कारण पत्ते टाकून बघत बसायला कोण आलंय? शिवाय जाणता खेळाडू जो डाव घेतो त्यात नुसते पैसे भरत नाही, रक्कम वाढवतो. आणि शक्यतो त्याची पाळी शेवटी येते अशा जागेवरूनच खेळतो, कारण बाकीचे काय करतात ते बघून बोली लावणं केव्हाही फायद्याचं.

एक डाव जवळून बघू. पाळी शेवटी येणारी जागा, हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. पुढच्या सगळ्यांनी पॅक केलं, म्हणून सहा सेंटांची बोली. छोट्या ब्लाइंडने पत्ते टाकले, मोठ्याने रक्कम भरली. मध्ये जमले १३ सेंट. टेबलावर आले बदामची राणी, किलवरची सत्ती, इस्पिकची तिर्री. राण्यांची जोडी झाली आणि जोडीला एक्का; उत्तमच. समोरचा गप्प. आपण ८ सेंट लावले, त्याने भरले. चौथं पान चौकटची नव्वी. पुन्हा तो गप्प, आपण २०, त्याने भरले. मध्ये ६९ सेंट. पाचवं पान बदामची दुर्री. आपण ४० लावले. इतका वेळ मुकाट पैसे भरणाऱ्या त्या माणसाने आता एकदम उरलेले सगळे, १ डॉलर ६६ सेंट, मध्ये ढकलले.

नवख्याचं बोट इथे ‘कॉल’कडेच जातं. राणी आहे, एक्का आहे, समोरचा फेकतही असेल! गणित असं : आणखी १२६ सेंट भरायचे, जिंकलो तर मध्ये पडलेले २७५ आपले. म्हणजे शंभरातून साधारण ३१ वेळा आपण पुढे असलो तरच भरणं परवडतं. आणि लहान टेबलांचा अनुभव सांगतो, की दोन फेऱ्या नुसतं भरणारा माणूस शेवटच्या पानावर अचानक वाढवतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा तीन सारखे पत्ते असतात. पॅक. राण्यांसकट. त्याच्याकडे होतं तरी काय हे कळणार नाही, आणि ती रुखरुख गिळायला शिकणं हा अभ्यासक्रमाचाच भाग.

पोकर म्हणजे ब्लफ, अशी सिनेमाने करून दिलेली समजूत याच टेबलांवर महागात पडते. थाप चालते ती पत्ते टाकणाऱ्यापुढे. दोन सेंटांच्या टेबलावर बसलेला माणूस तर बघूया तरी म्हणून शेवटपर्यंत पैसे भरतो. त्याला थाप मारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे चांगले पत्ते असतील तेव्हा मात्र सढळ हाताने बोली लावावी, तो भरतोच. कंटाळवाणी युक्ती आहे, पण लहान टेबलावरची कमाई मुख्यतः हिच्यातूनच होते.

एवढं साधल्यावर पैसे किती मिळतात? इथे बरेच उत्साही लोक गप्प होतात. शंभर डावांमागे पाच मोठे ब्लाइंड हा चांगला दर मानतात. दोन सेंटांच्या हिशेबाने ते झाले दहा सेंट. चार टेबलं एकदम उघडून तासाला तीनशे डाव खेळले, तर तासाची मिळकत तीस सेंट. पंचवीस-तीस रुपये! वर प्रत्येक मोठ्या डावातून साइटवाल्याचा वाटा कापला जातो. त्याला ‘रेक’ म्हणतात आणि तो साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असतो. लहान टेबलावर हा रेक कुठल्याही शेजाऱ्यापेक्षा कठीण प्रतिस्पर्धी ठरतो. टेबलावरचे पत्ते उघडण्याआधीच डाव संपला तर तो सहसा कापत नाहीत. म्हणूनही नुसते पैसे भरत जाण्यापेक्षा वाढवून डाव तिथेच मिटवणं बरं.

दुसरी गोम नशिबाची. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड जिंकणारा खेळाडूसुद्धा नेहमीच्या चढउतारांच्या हिशेबाने दहा हजार डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता तीसेक टक्के निघते. दहा हजार डाव म्हणजे चार टेबलांवर तेहेतीस तास. इतका वेळ बरोबर खेळून हात रिकामा, आणि शेजारचा अडाणी मालामाल. याच वैतागात माणूस वेड्यासारखा खेळू लागतो. खेळाडूंच्या भाषेत तो ‘टिल्ट’ होतो. महिनाभराची कमाई एका संध्याकाळी जाते ती अशी.

यावर उपाय म्हणून गाठीची रक्कम जपण्याचे नियम आले. क्रिस फर्ग्युसन या जगज्जेत्याने २००६ मध्ये शून्य डॉलरपासून दहा हजारांपर्यंत जाण्याचा पण केला. आधी फुकट स्पर्धा, मग सेंटांची टेबलं. जवळच्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त कुठल्याही कॅश टेबलावर न्यायचे नाहीत, हा त्याचा नियम, आणि पण त्याने पुरा केला. गंमत म्हणजे ज्या ‘फुल टिल्ट’ साइटवर हे घडलं, तिच्या संचालकांत तो स्वतः होता. आणि २०११ मध्ये अमेरिकी सरकारने याच साइटवर खेळाडूंच्या ठेवी लुबाडल्याचा आरोप ठेवला. रक्कम कशी सांभाळावी हे खेळाडूंना शिकवणाऱ्याच्या दुकानातच ती सुरक्षित नव्हती.

मराठी वाचकासाठी प्रश्न आणखी वेगळा आहे. पोकर कौशल्य की नशीब, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोर्टात खल चालला. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाचा खेळ ठरवलं. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने हा वादच निकालात काढला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण बँकांना असे व्यवहार करायला मनाई आहे. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबलं लगेच बंद केली.

ज्यांना यातलं गणित खुणावतं त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीची २०१५ सालची पोकरवरची व्याख्यानमाला इंटरनेटवर फुकट आहे, आणि खोट्या नाण्यांवर घरच्या घरी सराव करता येतो. फोनवर परदेशी साइटची लिंक पाठवून पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस देऊ म्हणणारा कोणी भेटला, तर एवढं ध्यानात ठेवावं : तिथे जिंकलेले पैसे अडकले, तर ते सोडवून आणायला इथे फारसा कोणी मदतीला येणार नाही.