आमटी का कळकते, खताला वास का येतो

ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचं म्हटलं की पहिली शंका ठरलेली: वास येणार. सोसायटीच्या सभेत याच एका शंकेवर विषय बारगळतो. नीट कुजणाऱ्या कचऱ्याला खरं तर ओल्या मातीसारखा वास असतो. घाण येते ती हवा कोंडल्यामुळे. भाजीच्या देठा-सालांत बरंचसं पाणीच असतं. ती डब्यात दाबून भरली की चिखल होतो आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. दुर्गंधी त्यांची, मिथेन वायूही त्यांचाच. १९२७ पासून मुंबईचा कचरा घेणाऱ्या देवनारच्या कचराभूमीत जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग भडकली होती. अशा ढिगांच्या पोटात साठणारा मिथेन आग धुमसत ठेवतो. घट्ट झाकणाच्या आपल्या डब्यात जे घडतं, ते याच जातीचं, फक्त लहान प्रमाणात.

म्हणून डब्याला तळाशी आणि बाजूंनी भोकं हवीत आणि ओल्याच्या प्रत्येक थरावर निदान तेवढाच, जमलं तर दुप्पट, सुका पाला हवा. पाला नसेल तर नारळाच्या शेंड्या किंवा लाकडाचा भुसा चालतो. मिश्रण मुठीत आवळून पाहावं: ओल जाणवली पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. विकतची जिवाणूंची पावडर लागतेच असंही नाही. मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक विरजणासारखं काम करतं.

डब्यात करड्या, जाडसर अळ्या दिसल्या की पुष्कळ जण घाबरून सगळंच फेकून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. कचरा त्या झपाट्याने फस्त करतात, आणि त्यांची मोठी माशी ना चावते, ना ताटावर घोंगावते. वाढू द्याव्यात.

लिंबाची सालं आणि कांद्याची टरफलं वर्ज्य, हा नियम गांडूळखताचा आहे. गांडुळांना ती सोसत नाहीत. साध्या खतात बेताने घातली तर काही बिघडत नाही. अंड्याचं कवच मात्र कुंडीत अख्खं खोचून उपयोग शून्य, कारण ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. वाळवून पूड करून घालावं. दुधा-साखरेच्या चहाचा चोथा आधी धुवावा, नाहीतर मुंग्या लागतात.

‘चार कुंड्या लावल्या की भाजी विकत आणायला नको’ या आशेचं मला फार वाईट वाटतं, कारण ती मोडली की माणूस कुंड्याच सोडून देतो. टोमॅटो-वांग्याला दिवसाचे सहा तास तरी ऊन लागतं. बाल्कनीत दोनच तास येत असेल तर पुदिना, अळू, लसणाची पात लावावी. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. मेथी महिन्याभरात खुडायला येते. गच्ची असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने उसाच्या चिपाडांवर आणि पालापाचोळ्यावर, नाममात्र मातीत पिकं घेऊन दाखवली. चिपाडं रसवंतीवाला आनंदाने देतो, आणि स्लॅबवर ओझंही कमी पडतं.

कुंडी म्हणून जुना तेलाचा किंवा पिठाचा डबा उत्तम. रंगाचे, फिनाइलचे, कीटकनाशकाचे डबे खायच्या झाडांसाठी नकोतच, कितीही धुतले तरी.

जुन्या डब्यांचं झालं; आता स्वयंपाकासाठी माळ्यावरून उतरवलेल्या, आजीच्या काळच्या पितळी पातेल्याकडे वळू. ‘तांब्या-पितळेतलं अन्न आरोग्याला चांगलंच’ हे अर्धं खरंही नाही. चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो यांतल्या आंबटपणाने तांबं विरघळून अन्नात उतरतं. आमटी कळकते, हिरवट होते आणि खाणाऱ्याला मळमळ, उलटी होते. आजीला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून दारावर कल्हईवाला यायचा. भांडं तापवून, नवसागर टाकून तो कापसाने कथील आतून फिरवायचा. तो पांढरा थरच अन्न आणि पितळ यांच्या मधे उभा असतो. आत पिवळं दिसू लागलं की पुन्हा कल्हई लावायची वेळ आली. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे असं भांडं रिकामं आचेवर ठेवू नये, काथ्याने खरवडू नये. कल्हई शुद्ध कथलाचीच आहे ना, हे विचारून घ्यावं. शिशाची भेसळ घातक असते. लोखंडी कढईतून अन्नात लोह उतरतं आणि ते हितकर, पण आंबट पदार्थ तिच्यातही मुरत ठेवू नये.

सगळ्यांत धोक्याचा समज शिळ्या भाताचा: ‘चांगला गरम केला की चालतो.’ बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांच्यापासून तयार होणारं उलटीचं विष फोडणीच्या आचेनेही नाहीसं होत नाही. उद्या फोडणीचा भात करायचा असेल, तर उरलेला भात जेवणं आटोपताच पसरट ताटात निववून फ्रिजमध्ये ठेवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात खताच्या डब्यात घालावा, थोडाथोडा, वर भरपूर सुका पाला पसरून.