खेळण्यातले नट आणि विदूषक

रंगमंचावरचा किंवा सर्कशीतला कलावंत खेळण्याच्या रूपात विकायचा, तर कारागिरापुढे पहिली अडचण असते ती ओळख पटवण्याची. वीतभर बाहुलीत चेहरेपट्टी फारशी साधत नाही आणि आवाजाचा तर प्रश्नच नसतो. उरतात ते कपडे, उभे राहण्याची ढब आणि हातातली एखादी वस्तू. ज्यांची कला एवढ्यात मावली, त्यांची खेळणी झकास झाली. बाकीच्यांच्या बाहुल्यांवर फक्त नाव आले.

जपानमध्ये ही अडचण नाटकानेच सोडवून ठेवली होती. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिथे मुली लाकडी फळीने फूल टोलवण्याचा खेळ खेळत. या फळीला ‘हागोइता’ म्हणतात. फूल बनते रिठ्याच्या बीला पिसे खोचून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, या फळ्यांवर लोकप्रिय काबुकी नटांच्या उठावाच्या आकृती दिसू लागल्या. त्यासाठी पुठ्ठ्याचे लहान-मोठे तुकडे कापायचे, त्यांवर कापूस ठेवून रेशमी कापड चढवायचे, ते एकमेकांवर बसवायचे आणि चेहरा रंगवायचा. काबुकीत प्रसंग ऐन रंगात आला की नट आवेशाच्या पवित्र्यात क्षणभर थिजतो, डोळे वटारून तिरळे करतो आणि प्रेक्षक ओरडून दाद देतात. या पवित्र्याला ‘मिए’ म्हणतात. नाटकच नटाचा पुतळा करून दाखवत असेल, तर कारागिराला वेगळे काय शोधायचे? मोठ्या, सजवलेल्या फळ्यांनी अर्थातच कोणी खेळत नाही. त्या घरात मांडून ठेवतात. टोकियोच्या आसाकुसा भागातल्या सेन्सो-जी मंदिराच्या आवारात दरवर्षी १७ ते १९ डिसेंबरला त्यांचा बाजार भरतो.

लंडनमध्ये साधारण १८११पासून कागदी रंगभूमी विकली जाऊ लागली. चालू नाटकांतल्या नटांची त्यांच्या भूमिकेतली चित्रे छापील तावांवर मिळत. साध्या तावाला एक पेनी आणि रंगवलेल्याला दोन. मुले ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवत आणि तारेच्या पट्टीवर बसवून छोट्या रंगमंचावर सरकवत. नट हात-पाय हलवू शकत नसे, म्हणून एकाच पात्राच्या वेगवेगळ्या पवित्र्यांतल्या आकृती छापलेल्या असत.

गायिकेच्या बाबतीत मात्र ही सारी साधने लंगडी पडतात. स्वीडनची जेनी लिंड सप्टेंबर १८५०मध्ये न्यूयॉर्कला उतरली. तिला आणणारा पी. टी. बार्नम जाहिरातबाजीत एक्का होता, आणि लवकरच हातमोज्यांपासून टोप्यांपर्यंत कशालाही तिचे नाव लागले. कागदी बाहुली म्हणूनही ती विकली गेली, सोबत ऑपेरांतल्या भूमिकांचे पोशाख. चिनीमातीच्या बाहुल्यांचे तर असे झाले की केस मागे ओढून अंबाडा घातलेली कोणतीही बाहुली संग्राहक पुढे ‘जेनी लिंड’ म्हणू लागले. बार्नमचाच दुसरा तारा, ‘जनरल टॉम थंब’ म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स स्ट्रॅटन, त्याच्या ठेंगण्या उंचीसाठी दाखवला जाई. १८६३मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये त्याचे लॅव्हिनिया वॉरनशी लग्न झाले. या जोडप्याच्याही कागदी बाहुल्या निघाल्या. पण कागदावर सगळेच बुटके. ज्या उंचीचा एवढा गाजावाजा झाला, तीच त्यात दिसत नव्हती.

सर्कशीला खरा न्याय दिला तो फिलाडेल्फियाच्या शोनहट कंपनीने. जर्मनीतल्या खेळणी बनवणाऱ्या घराण्यातला अल्बर्ट शोनहट तरुणपणी अमेरिकेत आला आणि १८७२मध्ये त्याने मुलांसाठी छोटे पियानो बनवणारा कारखाना काढला. १९०३मध्ये कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी सर्कस’ बाजारात आणली. त्यात लाकडी विदूषक, हत्ती, घोडे, रिंगमास्टर आणि घोड्यावर कसरत करणारी बाई होती, तंबूही मिळे. हात-पाय इलॅस्टिकच्या दोरीने आतून ओवलेले, त्यामुळे वळवावेत तसे राहत. पण खरी करामत खाचांची. विदूषकाच्या हातांना आणि पायांना खाचा होत्या. त्या शिडीच्या पायरीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर अडकवल्या की तो एका हातावर उलटा उभा राही, आणि त्याच्यावर दुसरा विदूषक चढवता येई. या विदूषकाला कोणा खऱ्या कलावंताचा चेहरा नव्हता, आणि ते कुणाला खटकलेही नाही. रेल्वेने आलेली सर्कस गावात एखाद-दुसरा दिवस थांबून निघून जाई. मागे राहिलेल्या मुलांना तिच्यातला तोल हवा होता, आणि तो इथे दर वेळी नव्याने जुळवावा लागे.

आधीच्या प्राण्यांचे डोळे काचेचे होते, नंतर खर्च वाचवण्यासाठी ते रंगवले जाऊ लागले. काही माणसांची डोकी झिलई न दिलेल्या चिनीमातीची होती. आज संग्राहक असे नमुने आवर्जून शोधतात. मंदीच्या काळात, १९३५मध्ये, कंपनीचे दिवाळे वाजले.

तोवर गर्दी सिनेमाकडे वळली होती. इंग्लंडच्या रंगमंचावरून तिकडे गेलेल्या चार्ली चॅप्लिनच्या बाहुल्या १९१५मध्येच निघाल्या. टोपी, काठी आणि चौकोनी मिशी एवढे दाखवले की पुरे, त्यामुळे परवाना न घेणाऱ्या नकलाकारांचेही फावले. पण सगळ्यात सोपे काम होते ते शब्दभ्रमकार एडगर बर्गनच्या चार्ली मॅकार्थीचे. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाप्रमाणे तोही बोलका बाहुलाच. १९३७पासून तो अमेरिकेच्या रेडिओवर दर आठवड्याला गाजू लागला. शब्दभ्रमाचा खेळ आणि तोही रेडिओवर, जिथे कलावंताचे ओठ हलतात की नाही हे कोणालाच दिसत नाही! एफॅनबी कंपनीने त्याच्या प्रतिकृती काढल्या, उंच टोपी आणि एका डोळ्याच्या चष्म्यासकट. डोक्यामागची दोरी ओढली की त्याचा जबडा हले. बोलायचे मात्र मुलानेच.