थरांतला विषाणू

1999 चा ऑक्टोबर. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मुंबईच्या टाटा मेमोरियलची आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाची पथके गावोगाव फिरू लागली. 52 गावसमूह, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे आकडे 2009 मध्ये जगापुढे आले. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. त्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

हाच विषाणू प्रयोगशाळेत मात्र वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. बशीत सपाट पसरलेल्या पेशींत त्याचे चक्र पुरे होत नाही. त्याला थर लागतात. तळाच्या पेशीत तो शिरतो, पेशी पक्व होत वर सरकते आणि नवे विषाणू वरच्या थरात तयार होतात. 1992 मध्ये संशोधकांनी कोलॅजेनच्या गादीवर पेशी वाढवल्या, वरची बाजू हवेला उघडी ठेवली, कातडीसारखे थर उभे राहिले, आणि बशीत विषाणू पूर्ण घडला.

विषाणू कसा वागतो हे योग्य ऊतीतच कळते, हा धडा जनुकोपचाराला उशिरा मिळाला. तिथे विषाणू हमालाचे काम करतो, उपयोगी जनुक पेशीत पोचवतो. 2016 मध्ये गाजलेला ‘पीएचपी.बी’ हा वाहक एका जातीच्या उंदरांच्या मेंदूत भरभरून शिरला. दुसऱ्या जातीच्या उंदरांत नाही, माकडांतही नाही. म्हणून मानवी मूलपेशींपासून वाढवलेल्या इवल्या ऊती, ऑर्गनॉइड, महत्त्वाच्या ठरल्या. डोळ्याच्या पडद्याच्या ऑर्गनॉइडमध्ये प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपापल्या थरात असतात, त्यामुळे वाहक त्यांच्यापर्यंत पोचतो का, ते दिसते.

पण ऑर्गनॉइडमध्ये रक्त वाहत नाही, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणाही तिथे नसते. सप्टेंबर 1999 मध्ये, धाराशिवची पथके निघण्याच्या तोंडावरच, अमेरिकेत 18 वर्षांचा जेसी गेल्सिंगर जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला. वाहक विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळली होती. ते कोणत्याही ऑर्गनॉइडमध्ये आधी दिसले नसते.

2023 मध्ये भारताच्या औषधचाचणी नियमांत ऑर्गनॉइडला जागा मिळाली, हे चांगलेच झाले. तरी शेवटची परीक्षा माणसाच्या अंगावरच होते. ती धाराशिवच्या स्त्रियांनीही दिली. तेव्हा जनुकोपचाराच्या चाचणीच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढे विचाराच: हा वाहक मानवी ऊतीत तपासला आहे का, आणि त्या ऊतीत काय दिसू शकत नाही?