पाकिटाच्या पोटात

नंदुरबारात लग्नसराई आली की घरोघरी पत्रिकांचे गठ्ठे सुटतात आणि सगळं घर फरशीवर बसून पाकिटांच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावतं. म्हणजे पाकीट सजवणं आपल्याला काही नवं नाही. पण हाताने केलेल्या शुभेच्छापत्राला बाजारात सहसा पाकीट मिळत नाही. दुकानात असतात ती लांबट, पत्रिकेची नाहीतर आहेराची. म्हणून पाकीट घरीच करावं लागतं.

माप सोपं आहे. ए-फोर कागद निम्मा कापून दुमडला की साधारण साडेदहा बाय पंधरा सेंटिमीटरचं कार्ड होतं. दुसऱ्या ए-फोरमधून २१ सेंटिमीटरचा चौरस कापायचा, तो शंकरपाळ्यासारखा तिरपा ठेवायचा आणि मधोमध कार्ड आडवं ठेवून चारही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटरपेक्षा कमीच जागा सोडून रेघा आखायच्या. या रेघांवर रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून दाबून ओढलं की घडी सरळ बसते. नुसत्या नखाने दुमडलेला जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो. आधी डावी-उजवी पानं आत, मग खालचं त्यांच्यावर. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथला कागदाचा छोटा त्रिकोण कापून टाकावा, नाहीतर कोपरे फुगतात. चौरस कापून उरलेली पट्टी फेकू नये, तिचं काम पुढे आहे.

चिकटवण्याबद्दल माझं मत जुनं आहे. बाइंडिंगवाले वापरतात ती मैद्याची खळ कागदाला सर्वांत चांगली धरते आणि वाळल्यावर कडक डाग सोडत नाही. कीड लागू नये म्हणून ते तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी, त्यामुळे ती खळ वरच्या, जिभेने ओल्या करायच्या पानाला कधीही लावू नये. तिथे बाभळीचा डिंक. रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, ब्रशने पातळ हात द्यायचा आणि पान उघडं ठेवून पूर्ण वाळू द्यायचं. सातपुड्यातून बाजारात येणारा धावड्याचा डिंक यासाठी घेऊ नका. तो महाग असतो आणि त्याची जागा बाळंतिणीच्या लाडवात आहे.

आता सजावट. बहुतेक जण ती बाहेर करतात. टिकल्या, मोती, गोटा, लेस असं सगळं दर्शनी बाजूला. टपालाच्या थैलीत अशी पाकिटं एकमेकांवर घासतात, मोती गळतात, आणि शिक्का उंचवट्यावर पडला तर अर्धाच उमटतो. म्हणून सजवायचं ते पोट. संक्रांतीनंतर आमच्याकडे फाटक्या पतंगांना तोटा नसतो, गुजरात शेजारी असल्याचा हा परिणाम. पतंगी कागद झिरझिरीत, भडक रंगाचा आणि वजनाला जवळजवळ शून्य. अस्तराला याहून चांगलं काही नाही. पाकिटाच्या आतल्या आकारापेक्षा अर्धा सेंटिमीटर लहान कापायचा, आत सरकवायचा आणि डिंक फक्त वरच्या पानाच्या कडेला लावायचा. सगळीकडे चिकटवलात तर पान दुमडताना अस्तराला सुरकुत्या पडतात.

बाहेर काही हवंच असेल तर ठिपके. आमच्याच जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला नाचणारे अंगभर पांढरे ठिपके काढतात, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे. ते ठिपके गडद लाल कागदावर फार शोभतात. पांढऱ्या पोस्टर रंगात काडेपेटीच्या काडीचं मागचं टोक बुडवून डाव्या कडेला एक ओळ, बस. उजवा वरचा कोपरा तिकिटाचा. मधला भाग पत्त्याचा. गडद कागद असेल तर एखाद्या फिकट रंगाच्या पाकिटाची उरलेली पट्टी कापून तिथे चिकटवावी आणि पत्ता तिच्यावर लिहावा. शाईचं पेन नको, पावसाळ्यात सातपुड्यातल्या धडगावकडे जाणारं पत्र ओलं झालं की अक्षरं पसरतात. बॉलपेन बरं.

वजनाची भीती बाळगू नका. २०० जीएसएमचं कार्ड सुमारे सहा ग्रॅम, १०० जीएसएमचं पाकीट साडेचार, अस्तर धरूनही टपालाच्या पहिल्या दराच्या २० ग्रॅमच्या बरंच आत. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा जाड कागद घेतला तरी बहुधा निभतं, पण तेव्हा तोलून पाहावं.

पिनकोड सुटा आणि ठळक लिहा; नंदुरबार शहराचा ४२५४१२. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. आणि पाकीट लाल पेटीत टाकू नका. खिडकीवर द्या, शिक्का जपून हाताने मारायला सांगा. गर्दी नसेल तर मारतात.